महागडी सिस्टीम घेतली की कानही तयार होतात का?

साधासुधा_सातारकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घरगुती आहे पण उत्तर टेक्निकल हवंय. माझे साडू पुण्याला असतात, त्यांना हाय-एंड ऑडिओचा नाद आहे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प, वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा), टर्नटेबल, छातीएवढे टॉवर स्पीकर, सगळं मिळून एका बऱ्यापैकी गाडीच्या किमतीत गेलंय प्रकरण. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांचे पैसे त्यांची हौस, आणि आवाज खरंच भारी आहे, मी जाऊन बसलो की उठवत नाही.

भांडण वेगळंच आहे. परवा गेलो तर नवीन पॉवर केबल दाखवली, मनगटाएवढी जाड, भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्पपर्यंत दीड मीटर, किंमत साठ हजार. म्हणे ती लावल्यापासून गाण्याच्या मागची शांतता वाढली, गायिका दोन पावलं पुढे आली आणि तबला नीट सुटा झाला. मला काडीचाही फरक कळला नाही. तसं बोललो तर हसून म्हणाले, "अहो, तुमचे कान अजून तयार नाहीत. दहा वर्षं चांगल्या सिस्टीमवर ऐका, मग बोलू."

तर असे कान तयार होतात का खरंच? की एवढे पैसे घातल्यावर फरक ऐकू यावाच लागतो? कुणी यावर नीट टेस्ट केल्यात का? कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीयेत, खरंच कुतूहल आहे.

ओहमचा_नियम

फरक कळतो की नाही ते नंतर बघू, आधी एवढं धरून चाला की डोळे उघडे ठेवून जे कळतं त्याला पुरावा म्हणायचं नाही.

पॉवर केबलचं सोडा, ती वीज वीजकेंद्रापासून टॉवर, सबस्टेशन, महावितरणचा खांब, सोसायटीचा मीटर आणि तुमच्या साडूंच्या भिंतीतली साधी वायर असा प्रवास करून आलीय, शेवटच्या दीड मीटरला तिला काय संस्कार होणार. स्पीकर केबलचा तरी हिशेब मांडता येतो. घरात सॉकेटला वापरतात ती २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३ मीटर घ्या, जाऊन येऊन ६ मीटर, रेझिस्टन्स येतो ०.०४ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. म्हणजे केबलमुळे पातळी घटली ०.०५ डेसिबलपेक्षा कमी. हे जगातल्या कुठल्याच कानाला ऐकू येत नाही, तयार असो नाहीतर कच्चा.

आता मोठी गोम अशी की दोन गोष्टींची तुलना करताना एक अर्धा डेसिबल जरी मोठी वाजली तरी माणसाला ती "मोठी" वाटत नाही, ती "चांगली" वाटते, जास्त मोकळी, जास्त डिटेल वगैरे. दुकानदारांना हे चांगलं माहीत असतं. म्हणून नीट टेस्टमध्ये दोन्ही बाजू ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात, म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. नुसत्या कानाने हे जुळत नाही, मीटर लागतो.

२००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरन यांचा पेपर आला होता. त्यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या डिस्कवरचा हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने नोंदवलेला आवाज एकदा सरळ ऐकवला आणि एकदा मध्ये साध्या सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची गाळणी घालून. ऐकणाऱ्यांत रेकॉर्डिंग इंजिनिअर होते, विद्यार्थी होते, हौशी ऑडिओफाइल होते. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

एक गोष्ट मात्र साडूंच्या बाजूने. व्हॉल्व्ह ॲम्प खरोखर वेगळा वाजू शकतो. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) जास्त असतो, दोन-तीन ओहमसुद्धा, आणि स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, त्यामुळे काही सूर वर येतात काही खाली जातात. तो फरक मीटरवरही दिसतो. पण त्याला सुधारणा म्हणायचं की रंग चढवणं हे ज्याचं त्याने ठरवावं.

लाकडी_खोका

झालं, निघाले इंजिनिअर मीटर घेऊन.

मी साडूंच्याच पंथातला आहे, तेव्हा आमची पण बाजू ऐका. पहिलं म्हणजे मेयर-मोरनचा पेपर सगळे गीतेसारखा पाठ म्हणतात, पण त्यात वापरलेल्या काही डिस्क मुळातच हाय-रेझोल्यूशन मास्टरवरून केलेल्या नव्हत्या असा आक्षेप पुढे घेतला गेला, तो कुणी सांगत नाही. जे मूळ डिस्कवर नाहीच ते गाळणीत काय अडकणार? दुसरं, २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, साडेबारा हजारांच्या वर चाचण्या, आणि फरक ओळखता येतो असाच निष्कर्ष निघाला. आणि ज्यांना आधी ट्रेनिंग दिलं होतं त्यांचे आकडे बरेच वर गेले. म्हणजे कान तयार होतात हे साडूंचं म्हणणं तुम्ही समजता तेवढं हवेत नाही.

तिसरं, पंधरा सेकंद हे पंधरा सेकंद ते, सांगा कोणतं कोणतं, अशी परीक्षा चालू असताना माणूस गाणं ऐकतच नाही, तो नुसता उत्तर शोधत असतो. आमचं ऐकणं महिनाभराचं असतं. एखाद्या सिस्टीमवर तासाभरात डोकं दुखतं, दुसरीवर रात्रीचे दोन वाजतात, हा फरक तुमच्या टेबलात कुठल्या रकान्यात बसवणार?

आणि सगळ्यांना एका तराजूत तोलू नका. स्पीकर बदलला की शेंबड्या पोरालाही कळतं. काडी (कार्ट्रिज हो, टर्नटेबलची सुई असते ती) बदलली की कळतं. पॉवर केबल मी स्वतः घेणार नाही, तेवढ्या पैशात रेकॉर्डी येतात. पण म्हणून ज्यांनी आयुष्यभर ब्लूटूथच्या डबड्यावर ऐकलंय त्यांनी आम्हाला बहिरे ठरवावं हे काय पटत नाही.

ओहमचा_नियम

@लाकडी_खोका रीस यांच्या त्या हिशेबात सगळे मिळून बरोबर उत्तरं किती होती तेही सांगा की. ५२ टक्क्यांच्या आसपास. संख्याशास्त्राने ते शून्य नाही हे मान्य, पण "गायिका दोन पावलं पुढे आली" म्हणणाऱ्याला शंभरातले ५२ कळावेत? त्याला नव्वद तरी यायला हवेत.

महिनाभर ऐकायचं असेल तर महिनाभर ऐका, पण कोणती केबल लावलीय ते झाकून. ब्लाइंड टेस्ट घाईतच करायची असं कुणी सांगितलंय.

कानसेन

दोघंही केबल आणि सीडीत अडकलात, या विषयावर सगळ्यात पक्कं काम स्पीकरवर झालंय आणि ते मूळ प्रश्नाला थेट उत्तर देतं.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह हे हरमन कंपनीत होते (जेबीएल वगैरे ब्रँड त्यांचेच). १९९४ मध्ये त्यांनी कंपनीच्याच ४० माणसांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्यामागून आणि एकदा समोर दिसत असताना. त्यातला एक सेट छोटा, स्वस्त, प्लास्टिकचा. पडद्यामागे तो मोठ्यांच्या बरोबरीने चालला. पडदा काढला, लोकांनी आकार बघितला आणि त्याचे मार्क धाडकन खाली. इथपर्यंत सगळ्यांना अपेक्षितच वाटेल. मला जास्त दचकवणारी गोष्ट पुढची आहे. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, पडद्यामागून ऐकणाऱ्यांना ते कळत होतं आणि त्यांचे मार्क त्याप्रमाणे हलत होते. समोर दिसायला लागल्यावर तेच लोक त्याच जागाबदलाकडे जवळपास दुर्लक्ष करायला लागले. म्हणजे डोळ्यांनी नसलेला फरक तर ऐकवलाच, शिवाय असलेला फरक ऐकूही दिला नाही!

मग २००३ चा ऑलिव्ह यांचा पेपर. २६८ लोक, चार स्पीकर, सगळं पडद्यामागे. हरमनचे ट्रेनिंग घेतलेले श्रोते, हाय-फायचे दुकानदार, मासिकांत लिहिणारे समीक्षक, मार्केटिंगवाले, कॉलेजची पोरं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तेच उत्तर देणं आणि चांगल्या-वाईटात स्पष्ट फरक करणं, यात ट्रेन केलेले लोक मैलभर पुढे. समीक्षक त्यांच्या जवळपासही नाहीत, उलट दुकानदार समीक्षकांपेक्षा बरे निघाले. कॉलेजची पोरं शेवटी.

पण पसंतीचा क्रम मात्र सगळ्या गटांचा जवळजवळ सारखाच आला. पोरांना जो स्पीकर सगळ्यात आवडला तोच तज्ज्ञांना आवडला. तेव्हा सातारकर, साडूंकडे बसल्यावर तुम्हाला उठवत नाही ना, तुमचा कान ठीक आहे. त्यांचा कान तुमच्यापेक्षा तयार असेलही, पण तो सिस्टीमच्या बिलाने होत नाही. हरमनने "हाऊ टू लिसन" नावाचं फुकट सॉफ्टवेअर काढलं होतं, त्यात कोणत्या पट्टीत किती आवाज वाढवलाय ते ओळखायचं, चुकलात तर लगेच सांगतं. कान तयार करायची पद्धत ही आहे. दहा वर्षं सोफ्यावर बसून आपलंच खरं मानलं तर चूक दाखवणार कोण?

एडिसनकर_न्यूजर्सी

इथे मोबाइल फिडेलिटीचं प्रकरण कुणीच कसं काढलं नाही अजून. आमच्याकडे रेकॉर्ड जमवणाऱ्यांत २०२२ चा अख्खा उन्हाळा दुसरा विषय नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही कॅलिफोर्नियाची कंपनी, लोक लाडाने मोफाय म्हणतात, जुन्या अल्बमच्या मूळ मास्टर टेपवरून भारी रेकॉर्ड काढते. सगळ्यांची ठाम समजूत होती की टेप ते रेकॉर्ड सगळा प्रवास शुद्ध ॲनालॉग, मध्ये कॉम्प्युटरचा वारासुद्धा नाही. काही खास रेकॉर्डी शंभर-सव्वाशे डॉलरला. लोक लिहायचे, आहाहा, डिजिटलमध्ये हा ओलावा येणारच नाही. जुलै २०२२ मध्ये फिनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओ टाकला की यात डिजिटल पायरी आहे असं ऐकतोय. आरडाओरडा झाला, शिव्या खाल्ल्या त्याने, मग कंपनीच्या इंजिनिअरनी त्याला बोलावून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगितलं की हो, टेपवरून आधी डीएसडी फाइल, म्हणजे डिजिटलच, बनवतो आणि तिच्यावरून रेकॉर्ड कापतो. आणि हे २०११ पासून चालू होतं! लोकांना संशय यायचं कारण पण मजेशीर, मायकेल जॅक्सनच्या थ्रिलरच्या ४०,००० प्रती काढायचं जाहीर केलं होतं आणि थेट टेपवरून कापायच्या पद्धतीत एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप किती वेळा वाजवावी लागेल याचा हिशेब लोकांनी मांडला. म्हणजे पकडलं ते गणिताने. पुढे खटला झाला, अडीच कोटी डॉलरची तडजोड.

दहा-अकरा वर्षं जगातल्या एकाही सोन्याच्या कानाने ते ऐकून ओळखलं नाही हो.

पण मी यातून ऑडिओफाइल मूर्ख असा अर्थ काढत नाही (माझ्याकडे पण त्यांच्या रेकॉर्डी आहेत, विकल्या नाहीत). त्या रेकॉर्डी खरंच उत्तम वाजतात. लोकांनी "हे छान आहे" म्हटलं ते बरोबरच होतं. चुकलं ते पुढचं, का छान आहे. कारण कानाने दिलं नव्हतं, वेष्टनावरच्या मजकुराने दिलं होतं. मास्टरिंग करणारा माणूस कसबी होता, टेप चांगली होती, दाबणी नीट होती, झालं. साडूंना पण त्या दिवशी आवाज छान वाटला असणारच, श्रेय फक्त चुकीच्या वायरला गेलं.

पांढरी_सहा

मी गाणं शिकवते, मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण एडिसनकरांचं वाचून लिहावंसं वाटलं.

तानपुऱ्याची जवारी लावताना बघितलीय का कुणी? घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो तो केसभर मागेपुढे सरकवायचा, एका जागी तार एकदम खुलते, आतले वरचे सूर ऐकू यायला लागतात, त्याच्या जरा पुढेमागे गेलं की मिटते. नवीन मुलींना सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच म्हणतात ताई पंचमाची जवारी गेलीय. मिरजेचे कारागीर तर घोडी घासताना नुसत्या आवाजावरून सांगतात अजून कुठे घासायची. तेव्हा कान तयार होतो याबद्दल मला तरी शंका नाही. पण तिथे रोज परीक्षा असते, तार मिटली तर मिटली, लपवता येत नाही.

आणि तयार झालेला कान काय ऐकतो तेही बघा. माझे गुरुजी मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर जुनी मैफल ऐकायचे आणि निषाद कुठे चढा लागला ते सांगायचे. पांढरी सहाला (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ११० हर्ट्झचा असतो म्हणे, मोबाइलमधून तो बाहेर येतच नाही, वरच्या सुरांवरून मेंदू तो भरून काढतो, असं एका विद्यार्थिनीच्या इंजिनिअर वडिलांनी मला सांगितलं होतं. म्हणजे गुरुजींना जे हवं होतं ते तेवढ्यातही मिळत होतं. पण त्यांना विचारलं असतं की यात गायक किती फूट मागे उभा आहे, तर त्यांनी मला क्लासमधून हाकललं असतं. साडूंना ते अंतर ऐकायला आवडतं. ऐकू देत की, फक्त त्याला कान तयार असणं म्हणू नये.

ग्रँट_रोडवाला

वय किती साडूंचं? पन्नाशी ओलांडलीय का? मग १२-१४ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेकांचं बंद झालेलं असतं, भले कान सोन्याचा असो. जुना डब्बा टीव्ही आठवतो का, त्यातून बारीक शिट्टी यायची, १५,६२५ हर्ट्झची, पोरांना दुसऱ्या खोलीतून कळायचं टीव्ही चालू आहे आणि आजोबा शेजारी बसून नाही म्हणायचे. ही महागडी मंडळी बहुतेक त्या आजोबांच्या रांगेत. घाबरायचं कारण नाही म्हणा, पियानोची शेवटची पट्टी पण ४,१८६ हर्ट्झलाच संपते, गाण्यातला जीव खालीच असतो.

लॅमिंग्टन रोडला उमेदीची वर्षं ॲम्प जोडण्यात गेली माझी. गिऱ्हाईक घरी बोलवायचं, शेठ बास फुगतोय, ॲम्प बदलून द्या. जाऊन बघावं तर दहा बाय दहाची खोली, खाली चकचकीत टाइल्स, एका बाजूला काचेची खिडकी आणि स्पीकर दोन्ही कोपऱ्यात कोंबलेले. दहा फुटी खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींत अडकून फुगतो, आणि लांबी रुंदी सारखी असली तर दुप्पट तमाशा. डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीवर ढगासारखा आणि शेजारच्या खुर्चीवर गायब. डोकं एक फूट हलवलं तरी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्या केबलने पडत नाही. केबल लावून परत बसताना साडू तिथल्या तिथेच बसले होते का, विचारा. नाहीतर जाड पडदा, एक सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट आणा म्हणावं.

लाकडी_खोका

+१ ग्रँट रोडवाले काका. खोलीचं एवढं खरं आहे की आमच्या पंथातले लोक ते सगळ्यात शेवटी करतात, कारण सतरंजीचा फोटो टाकला तर कुणी वा म्हणत नाही.

मोफायच्या वेळी मी पण आमच्या ग्रुपवर बराच भांडलो होतो, ते इथे नको. पांढरी सहा ताईंशी मात्र थोडा असहमत. मागेपुढे, डावीउजवीकडे कोण बसलंय हे ऐकणं पण रेकॉर्डिंग करणाऱ्याचंच कसब ऐकणं आहे, त्याने माइक तसे लावलेले असतात. सारंगी गायकाच्या मागून येताना ऐकू आली तर गाणं कमी होत नाही.

साधासुधा_सातारकर

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, ताईंचे विशेष. डोकं हलवायचं काका म्हणाले ते मी कालच घरी टीव्हीच्या साउंडबारवर करून बघितलं, खरंच आहे की राव.

तर आता ठरवलंय, दिवाळीत साडूंकडे जाणारच आहोत तेव्हा टेस्ट करायची. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो केबल बदलेल. साडू फोनवर लगेच तयार झाले, म्हणाले आणा हवं तर पडदा. नक्की कसं करायचं ते कुणीतरी सांगा.

ओहमचा_नियम

पॉवर केबल बदलायला ॲम्प बंद करावा लागणार, त्यामुळे पटकन अदलाबदल जमणार नाही, आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. तो तोटा दोन्हीकडे सारखा आहे आणि साडूंचं म्हणणं फरक ढळढळीत आहे, तेव्हा चालून जाईल.

साडूंना स्वयंपाकघरात चहाला पाठवा. भाच्याने दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर नवी केबल, काटा आला तर ॲम्पबरोबर आलेली साधी. तीच राहणार असेल तरी काढून परत लावायची, म्हणजे बाहेर खुडबुड सारखीच ऐकू येईल. व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी तेवढाच वेळ तापू द्या. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. दोन्ही केबलवर जाड कापड टाका. आणि भाच्याने साडू आत यायच्या आधी खोलीतून निघून जायचं, चेहऱ्यावरून कळतं. उत्तरं कागदावर, शेवटपर्यंत कुणी बरोबर-चूक सांगायचं नाही. १६ वेळा करा, १२ किंवा जास्त बरोबर आली तर मी इथे येऊन माघार घेतो, कारण नुसत्या नशिबाने तेवढी यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. एका बैठकीत नाही झालं तर दोन दिवसांत करा, कंटाळा आला की उत्तरं बिघडतात आणि मग खोकासाहेब म्हणणार टेन्शन आलं होतं.

लाकडी_खोका

म्हणणारच.

आणि गाणी साडूंना निवडू द्या, त्यांच्या सवयीची. अजून एक, सातारकर, टेस्टच्या आधी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारा की घरात त्या केबलची किंमत किती सांगितलीय. तुम्ही तिथे सगळ्यांसमोर साठ हजार साठ हजार करत बसाल आणि तुमच्या मेहुणीबाईंना साडेतीन हजार माहीत असतील.